तेरा दिवसांची वाट

किसन : चपला बाहेरच ठेव. आणि हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.

स्वप्नाली : मामा, मला त्यांच्याशीच बोलायचंय.

किसन : कळलं मला ते फोनवर. म्हणूनच सांगितलं, येऊ नको. तरी आलीस.

स्वप्नाली : हमरियाच्या लॅबमधून अर्धी सुट्टी टाकून आलेय. बस, मग मेट्रो, मग स्टेशनपासून चालत. निदान पाणी तरी विचारा.

किसन : पाणी घे. खजूर ठेवलेत, ते घे. पण लुशासाहेबांच्या खोलीत जायचं नाही. दोन आठवड्यांमागं याच खुर्चीत बसून बोललीस ना, तेवढं पुरलं त्यांना.

स्वप्नाली : पुरलं म्हणजे काय झालं? तुम्ही फोनवर नीट काही सांगतच नाही.

किसन : काय सांगू गो? माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय. बारा वर्षं मी त्यांचं जेवण, अंघोळ, औषधं बघतोय. त्याच्या आधी इथेच आखातात, रुवैसच्या तेल कारखान्यात ते फोरमन होते तेव्हा सात वर्षं त्यांच्या हाताखाली परांच्या बांधल्या. एक दिवस असा नाही गेला की त्यांच्या आजोबांचं नाव निघालं नाही. झेनेल बेग असा, झेनेल बेग तसा. डोळे गेल्यापासून तर दुसरा विषयच नाही. नातवंडं बिचारी 'ओके ग्रँडपा' म्हणतात आणि फोनमध्ये बघतात. ऐकणारा मी एकटा. आणि आता चौदा दिवस झाले, तोंडातून नाव नाही.

स्वप्नाली : भिंतीवरचा आजोबांचा फोटो कुठे गेला?

किसन : काढायला लावला. कपाटात ठेवलाय, टॉवेलात गुंडाळून.

स्वप्नाली : मी खोटं बोलले नव्हते, मामा.

किसन : खोटं कोण म्हणतंय? चूक माझीच. मीच म्हटलं, आमच्या शालूताईची पोरगी एम.एस्सी. झालीय, लॅबमध्ये आहे, ती नीट लिहील. साहेब सांगतील, ती टाइप करील, पुस्तक होईल. तुला लिहायला बोलावलं होतं. तपासायला कोणी सांगितलं होतं?

स्वप्नाली : तपासल्याशिवाय कसं लिहायचं? दोन रीडिंग जुळली नाहीत तर आम्ही सँपल परत लावतो.

किसन : ते सँपल नव्हतं. आजा होता त्यांचा.

स्वप्नाली : बरं. मग एक करा. साहेबांनी तुम्हाला काय सांगितलंय ते मला तुमच्या तोंडून सांगा. पहिल्यापासून.

किसन : आता? मला बॅग भरायचीय. तीस किलोच्या वर गेली की एअरपोर्टवर उघडायला लावतात.

स्वप्नाली : भरता भरता सांगा. मला एक आकडा जुळवायचाय.

किसन : परत आकडा. बरं, ती दुधाच्या पावडरीची पाकिटं दे इकडे. ऐक. त्यांचा अल्बेनिया तेव्हा तुर्की सुलतानाच्या ताब्यात. झेनेल बेग इस्तंबूलला सुलतानाच्या पार्लमेंटात खासदार. मान होता, घोडा होता, सगळं होतं. पण ह्याने गावात घराच्या माडीवर आपल्या भाषेची शाळा काढली. त्या भाषेत लिहायलाच बंदी. पोरं पुस्तकं सदऱ्यात लपवून यायची. कोणीतरी चुगली केली. खासदारकी गेली, घोडा गेला, यानिनाच्या किल्ल्यात नेऊन टाकला.

स्वप्नाली : मग बाल्कनची लढाई सुरू झाली. १९१२.

किसन : साल तू लिही. मला एवढं ठाऊक, व्लोरा नावाच्या गावी सगळे पुढारी जमणार, देश स्वतंत्र करणार असा सांगावा आला. बेगने किल्लेदाराकडे तीस दिवस मागितले. जाऊन येतो म्हणाला. किल्लेदारही त्याच मुलखातला. त्याने विचारलं, जामीन काय ठेवतोस? बेग म्हणाला, बेसा.

स्वप्नाली : म्हणजे शब्द.

किसन : शब्द म्हण, वचन म्हण. पण आपल्यासारखं नाही, की दिला आणि विसरला. बेसा मोडला की तो माणूस त्यांच्यात मेल्यात जमा. घरी कोणी पाणी देत नाही त्याला. सोडला किल्लेदाराने. हा पोचला व्लोराला. अठ्ठावीस नोव्हेंबरला झेंडा लागला तेव्हा खाली अंगणात उभा. लोक म्हणाले, आता कसला तुरुंग, आता आपलंच राज्य, तू मंत्री हो. हा म्हणाला, मी सुलतानाला शब्द दिलेला नाही, एका माणसाला दिलाय. त्याच संध्याकाळी निघाला परत. पाऊस, चिखल, वाटेत नदी फुगलेली. तेरा दिवस चालला. तीस दिवस भरले त्या दिवशी किल्ल्याच्या दारात हजर. आणि फेब्रुवारीत तिथेच तापाने गेला.

स्वप्नाली : स्वतंत्र देशात तो एक दुपार राहिला.

किसन : साहेब हेच म्हणायचे. एक दुपार. ती दुपार तू काढून घेतलीस.

स्वप्नाली : मला किल्ल्याच्या रजिस्टरचा फोटो मिळाला होता, मामा. खाली एका अभ्यासकाने केलेलं इंग्रजी भाषांतर. झेनेल बेग, तीस दिवसांची मुदत घेऊन बाहेर, एकोणतीस ऑक्टोबर. परत हजर, अठ्ठावीस नोव्हेंबर. झेंडा लागला त्याच दिवशी हा माणूस दीडशे किलोमीटर लांब किल्ल्यात. एका दिवशी दोन ठिकाणी कोणी कसा असेल? मला वाटलं, परत आला हे खरं, पण व्लोराचं घरच्यांनी मागून जोडलं.

किसन : आणि ते तू त्यांना वाचून दाखवलंस. सावकाश, एकेक ओळ. परीक्षेचा निकाल वाचावा तसं.

स्वप्नाली : त्यांनीच विचारलं, तुला काय सापडलं म्हणून.

किसन : हो. आणि मग 'खलास' म्हणाले. तू गेलीस बससाठी. पुढचं तुला माहीत नाही.

स्वप्नाली : पुढचं काय?

किसन : मला फोन धरायला लावला. त्यांच्या गावात नवीन शाळा झालीय. बेगने माडीवर शाळा काढली होती ना, म्हणून नगरपालिकेने तिला त्याचं नाव द्यायचं ठरवलेलं. झेंड्याच्या दिवशी पाटी लागायची होती. म्हणजे उद्या. साहेबांनी तिथल्या माणसाला निरोप पाठवला, स्वतःच्या आवाजात. त्यांच्या भाषेत बोलले, पण मला बारा वर्षांत कळायला लागलंय थोडं. माझा आजोबा तिथे नव्हता, म्हणाले. लेकरांच्या शाळेला खोटं नाव नको.

स्वप्नाली : आणि तो निरोप गेला?

किसन : त्यांना दिसत नाही. बटण मी दाबलं.

स्वप्नाली : हे मला का नाही सांगितलंत?

किसन : काय केलं असतंस? परत तपासलं असतंस.

स्वप्नाली : हो. परत तपासलं असतं. मामा, ती बॅग ठेवा जरा. माझ्याकडे बघा. मी चुकले.

किसन : कुठे चुकलीस?

स्वप्नाली : परवा लॅबमध्ये पुढच्या वर्षीच्या रजांचा तक्ता भरत होतो. आमच्यात एक जॉर्जियाची मुलगी आहे. तिने नाताळची सुट्टी सात जानेवारीला मागितली. मी म्हटलं, नाताळ तर पंचवीस डिसेंबरला. ती म्हणाली, आमच्या चर्चच्या जुन्या कॅलेंडरने सात जानेवारीलाच पंचवीस डिसेंबर येतो.

किसन : असं कसं?

स्वप्नाली : जुनं कॅलेंडर आपल्यापेक्षा मागे चालतं. मी तिथेच उभी राहिले. तुर्की सरकारचंही तसंच होतं. रजिस्टरवर साल तेराशे अठ्ठावीस होतं. ते म्हणजे एकोणीसशे बारा, हे मी बरोबर काढलं. पण महिन्याचं भाषांतर नोव्हेंबर लिहिलेलं, म्हणून तारखेला हात लावला नाही. साल बदललं, दिवस तसाच ठेवला.

किसन : थांब. म्हणजे तिथीने आणि तारखेने? शिवजयंतीसारखं?

स्वप्नाली : अगदी तसंच नाही, पण हो.

किसन : मग हे मला विचारायचं होतंस. तुझं शिक्षण तिकडे राहू दे. आमच्या आईचं श्राद्ध मी कधी तारखेने घातलंय? ते बघ, किचनच्या दाराला कॅलेंडर लावलंय. गावाहून मागवतो दरवर्षी. एका चौकोनात तीन तारखा, मुसलमानी चंद्र धरून. कागद जुना असला तर माणूस आधी विचारतो, कोणाच्या पंचांगाने?

स्वप्नाली : मला नाही सुचलं विचारायला. आकडा दिसला, मी धरला.

किसन : किती मागे चालायचं ते?

स्वप्नाली : तेरा दिवस.

किसन : तेरा.

स्वप्नाली : रजिस्टरमधला अठ्ठावीस नोव्हेंबर म्हणजे आपला अकरा डिसेंबर. झेंडा लागल्यावर बरोबर तेरा दिवसांनी तो किल्ल्याच्या दारात आलाय. साहेबांनी सांगितलं तसं. ना एक दिवस कमी, ना एक जास्त. आणि मामा, माझ्या वहीत पहिल्याच पानावर आहे, 'तेरा दिवस चालला'. त्याच्यापुढे मी पेन्सिलीने लिहिलंय, 'आकडा बहुधा ऐकीव'.

किसन : आपल्यात तेराव्याला माणूस सुटतो. हा तेराव्याला जाऊन अडकला.

स्वप्नाली : ज्या कागदाने मी त्यांना खोटं पाडलं तोच त्यांचा पुरावा आहे. आता तरी आत जाऊ द्या मला.

किसन : नको.

स्वप्नाली : का?

किसन : चौदा दिवसांनी काल पहिल्यांदा सूप प्यायलेत. परत काही हलवू नको. निदान मी जाईपर्यंत.

स्वप्नाली : जाईपर्यंत म्हणजे? रजेवर चाललायत ना तुम्ही?

किसन : हळू बोल.

स्वप्नाली : मामा, एवढी मोठी बॅग रजेची नाही. उशी पण भरलीत. ते कॅलेंडर तेवढं राहिलंय.

किसन : व्हिसा कॅन्सल केलाय. मॅडमचा दोष नाही, ती लेक आहे, दिवसभर ऑफिस, किती करील? गुडघे माझेही गेले. साहेबांना उचलताना परवा दोघंही पडता पडता वाचलो. एक तारखेला त्यांना केअर सेंटरला ठेवतायत. चांगलं आहे म्हणे, नर्सा आहेत. माझी उद्या सकाळची फ्लाइट.

स्वप्नाली : आणि त्यांना काय सांगितलंय?

किसन : केअर सेंटर थोड्या दिवसांसाठी आहे. किसन गावाला चाललाय, काजूची कलमं बघायला. तीस दिवसांत येतो.

स्वप्नाली : तीस कुठून आणलेत?

किसन : तोंडातून गेलं.

स्वप्नाली : म्हणजे मी खरं बोलले तर माझ्यावर चौदा दिवस राग. आणि तुम्ही…

किसन : तुझं खरं ऐकून ते भिंतीकडे वळले. माझं खोटं ऐकून सूप प्यायले. आता तू सांग, तुझ्या लॅबमध्ये याचं काय करतात?

लुशा : (आतल्या खोलीतून) किसन. मुलगीला आत पाठव.

किसन : साहेब, झोपा तुम्ही. कोणी नाही.

लुशा : माझा डोळा गेला. कान आहे. पाठव.

स्वप्नाली : हे मराठी बोलतात?

किसन : बारा वर्षं माझ्याबरोबर राहून दुसरं काय बोलतील? शिव्या आधी शिकले. जा. जपून बोल.

लुशा : बस. खुर्चीवर कपडा असेल तर खाली टाक. किसन, तू पण बस. मी झोपला नव्हता. मी सगळा ऐकला.

स्वप्नाली : सर, मग तुम्हाला कळलंच आहे. माझी चूक होती. तुमचे आजोबा व्लोराला होते. रजिस्टरच तसं सांगतंय.

लुशा : दोन आठवडा आधी पण रजिस्टर सांगत होता.

स्वप्नाली : तेव्हा मी चुकीचं वाचलं होतं.

लुशा : हां. आता बरोबर वाचला. पुढचा वर्ष दुसरा कोणी येईल, शिकलेला, तो तिसरा वाचेल.

स्वप्नाली : नाही सर, हे पक्कं आहे. तुमचे तेरा दिवस आणि कागदाचे तेरा दिवस वेगवेगळ्या ठिकाणहून आलेत, आणि दोन्ही जुळतात. कोणी मुद्दाम जुळवायला गेलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

लुशा : तू हुशार आहे. मी रागात नाही. ऐक. माझा बाप आठ वर्षाचा होता, त्याचा बाप किल्ल्यात मेला. बापने मला सांगितला. कागद नाही, फोटो एकच. मग आमच्याकडे दुसरा सरकार आला. त्यांनी बोलला, हा बेगचा नातू, ह्याला कॉलेज नाही, ह्याला तेलाच्या विहिरीवर मजुरीला पाठवा. मी गेला. पन्नास वर्षाचा झाला तोपर्यंत तेच. थंडीत हात फुटायचा. तेव्हा मी मनात बोलायचा, माझा आजोबा दार उघडा असताना परत गेला, मी पण उभा राहीन. कधी विचारला नाही, गेला होता का? आता कागद आहे. पक्का आहे, तू बोलते. पण आता मी विचारतो, गेला होता का? हा प्रश्न आधी माझ्याकडे नव्हता.

स्वप्नाली : तो माझ्यामुळे आला.

लुशा : आला. आता राहील थोडा दिवस. मीच किती राहणार?

स्वप्नाली : मी आत्ता नगरपालिकेला मेल करते. रजिस्टर, तारखांचा हिशेब, सगळं जोडते. पाटी उद्या आहे ना, अजून वेळ आहे.

लुशा : पाटी झाला. माझी मुलगीने काल फोन केला तिकडे. दुसरा नाव लिहिला. एक मास्तर होता, बर्फात चालत शाळेत यायचा, त्याचा नाव. चांगला माणूस असेल.

स्वप्नाली : पण सर, ते नाव तुमच्या आजोबांचं होतं.

लुशा : त्या मास्तरचा पण नातू आहे. उद्या तो नवा कोट घालून पुढे उभा राहील. त्याला काय सांगू, उतर खाली, ह्या मुलगीने तेरा दिवस मोजला नव्हता?

स्वप्नाली : मग मी काय करू?

लुशा : लिही. मी सांगितला ते लिही. मग तुझा चूक पण लिही. आणि मी फोनवर काय बोलला ते पण लिही. मी माझा आजोबाला अंगणातून बाहेर काढला. ते कोणी नाही केला, सुलतानने पण नाही. मी केला.

किसन : साहेब, असं नका बोलू. बटण मी दाबलं होतं.

लुशा : तू गप. तू फोन पण उलटा धरतो.

किसन : फोटो लावू परत?

लुशा : लाव. मला दिसत नाही, पण लाव. खिळा आहे?

किसन : खिळा काढलाच नव्हता, साहेब.

लुशा : बाहेर काय आवाज आहे? शिडीचा.

किसन : समोरच्या बिल्डिंगला झेंडे लावतायत. इथला नॅशनल डे आलाय ना, दोन तारखेला.

लुशा : मोठा आहे?

किसन : पाच मजल्यांएवढा आहे एक. दोघं वरून ओढतायत, दोघं खालून.

लुशा : वारा असेल तर कठीण. व्लोराला पण वारा होता, बाप बोलायचा. किसन, सामान झाला?

किसन : झालं, साहेब. तीस किलोला दोनशे ग्रॅम कमी.

लुशा : दरवाजाचा कॅलेंडर पण काढला?

किसन : नाही, साहेब. ते राहू दे इथे.

लुशा : तीस दिवस.

किसन : तीस दिवस.

लुशा : बेसा?

स्वप्नाली : मामा.

किसन : तू थांब, बाय. साहेब… येतो.

लुशा : मी बेसा विचारला.

किसन : येतो, साहेब.

लुशा : हा शब्द मला माहीत आहे. तुमचा माणूस घरातून निघतो तेव्हा येतो बोलतो. जातो बोलत नाही. कायमचा जातो तेव्हा पण.

किसन : हो, साहेब. आमच्याकडे तसंच बोलतात.

लुशा : बरा आहे. चांगला शब्द आहे. मुलगी, आज कोणता तारीख?

स्वप्नाली : सत्तावीस, सर.

लुशा : मग मी उद्यापासून तीस मोजतो. तीसला नाही आला, तर जुना कॅलेंडरने मोजू, किसन. तेरा दिवस अजून मिळतो तुला.